पेटीतील पोशाख : आपल्या स्त्रियांच्या वेशभूषेचा एक वृत्तांत

ज्युबिलीचा प्रसंग आला की देवळाला रंग लागतो, पताका लागतात, जुनी छायाचित्रे शोधली जातात, आणि घरोघरच्या जुन्या पेट्याही उघडतात. ज्युबिलीच्या करमणुकीच्या कार्यक्रमात अलीकडे एक नवी आवड दिसू लागली आहे. मुली रंगमंचावर आपल्या आजीच्या काळचा पोशाख करून येतात. कोणी तांबडे लुगडे नेसते, तर कोणी कमरेला आवळलेला आणि खाली छत्रीसारखा फुललेला, १९५० च्या सुमारास प्रचारात असलेला फ्रॉक घालते. हौशीने टाळ्या वाजतात, छायाचित्रे निघतात व कार्यक्रम संपतो. ह्या हौसेस नावे ठेवण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. उलट ती वाढावी अशीच इच्छा आहे. परंतु जो पोशाख आपण मिरवितो त्याचा इतिहास आपणांस ठाऊक असावा, नाहीतर मिरविण्याचे सोंग होण्यास वेळ लागत नाही. म्हणून हा अल्पसा वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहे.

करंजाडे हे पनवेल शहरालगतचे गाव. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, आणि त्यानंतरच्या दशकांत भाताची खाचरे व आंब्याची झाडे जाऊन येथे इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. नव्या मुंबईच्या विमानतळासाठी जी गावे उठली त्यांपैकी अनेक कुटुंबांनी ह्याच वडघर-करंजाडे परिसरात पुन्हा घरे बांधली. त्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ साली झाले. सारांश, करंजाडे हे आलेल्या माणसांचे गाव आहे. आपल्या मिस्सेला जमणारी कुटुंबेही एका मुलखातली नव्हेत. कोणी वसईचे, कोणी साष्टीचे, कोणी गोमंतकातले, कोणी मंगळूरकडचे, तर कोणी अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातले. प्रत्येकाने येताना काही सामान आणले व काही मागे टाकले. सदनिकेत कपाट मावते, पण पत्र्याची मोठी ट्रंक मावत नाही. आणि स्थलांतरात प्रथम टाकली जाते ती ट्रंकच. तिच्याबरोबर काय जाते, हे बहुधा फार उशिरा ध्यानात येते.

प्रथम लुगड्याचा विचार करू. वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे १५३४ साली आला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. ह्या दोनशे वर्षांत उत्तर कोकणातील पुष्कळ कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तथापि धर्म बदलला म्हणून शेत, विहीर, बोली व लुगडे ही काही बदलली नाहीत. सामवेदी बायकांचे तांबडे, चौकटीचे लुगडे हे आजही वसईची ओळख म्हणून सांगितले जाते. कमरेत खोचलेल्या त्या लुगड्यात भातलावणी होई, विहिरीचे पाणी काढले जाई, बाजारात भाजीच्या टोपल्या जात, आणि रविवारी तेच किंवा त्याहून चांगले लुगडे नेसून बाई देवळात येई. अहमदनगर जिल्ह्यातील आपल्या धर्मभगिनींचे तेच. त्यांनी गावच्या इतर बायकांप्रमाणे नऊवारी नेसली व तीच नेसून त्या मिस्सेला गेल्या.

गोमंतकातील हकीकत निराळी आहे. तेथे राज्य दीर्घ काळ टिकले आणि पोशाखावर राजशासनाची दृष्टीही पडली. इन्क्विझिशनच्या १७३६ सालच्या फर्मानाने नवख्रिस्ती लोकांच्या अनेक देशी चालीरीतींवर बंदी घातली. त्यांत स्त्रियांची चोळी व पुरुषांचे पुडवे यांचाही समावेश होता. गोव्याच्या इन्क्विझिशनवर विस्ताराने ग्रंथ लिहिणारे मराठी संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी ह्या विषयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. परंतु फर्मानाने पोशाख पुसून निघत नाही, तो केवळ वाट बदलतो. त्यातूनच ‘पानो-बाजू’ हा गोमंतकीय स्त्रियांचा डौलदार वेष रूढ झाला. पानो हे पोर्तुगीज भाषेतील कापड, आणि बाजू हा शब्द मलायाकडून आलेला. कमरेला गुंडाळलेले भारी वस्त्र, वर जरीकाम केलेला सैल झगा. त्यात मांडो नाचला जाई. देवळात जाताना डोक्यावरून पायघोळ पांढरी ‘ओल’ घेतली जाई. पाहा, एका पोशाखात तीन मुलूख एकत्र आले, आणि तरीही तो पोशाख कोणाची नक्कल झाला नाही.

आता फ्रॉककडे वळू. आपल्या बायकांनी फ्रॉक घातला तो साहेबाची नक्कल म्हणून, असे सर्रास बोलले जाते. हे अर्धेच खरे आहे. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी मुंबईत ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली, तेव्हा मुंबई-साष्टीच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांनी स्वतःस ईस्ट इंडियन हे नाव घेतले, ते सरकारी नोकऱ्यांत आपला हक्क वेगळा दिसावा म्हणून. नावामागे पोट होते, तसेच पोशाखामागेही होते. शाळेत शिकविणाऱ्या, दवाखान्यात परिचारिका म्हणून राबणाऱ्या, कचेरीत टंकलेखन करणाऱ्या मुलींना ट्राम व आगगाडी पकडावयाची होती. नऊ वारांचे लुगडे शेताला सोयीचे. त्या धावपळीला फ्रॉक सुटसुटीत वाटला. शिवाय तो शिवता येत होता. मठशाळांतून शिवणकाम व लेसकाम शिकविले जाई. शिवणयंत्र घरात आले, आणि अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ पासून विकावयास काढलेल्या कागदी नमुन्यांची पद्धत जगभर पसरली. एखाद्या घरी असा नमुना आला की तो वर्तमानपत्राच्या कागदावर उतरून घेण्यास शेजारणींना फारसा वेळ लागत नसे.

दुसऱ्या महायुद्धात कापड दुर्मिळ झाले. इंग्लंडात १९४१ ते १९४९ पर्यंत कपड्यांस कूपन होते. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळत, व त्यांतली अकरा एका लोकरी पोशाखालाच जात. आपल्याकडे गिरण्यांचे कापड लष्कराकडे वळले, भाव भडकले, आणि १९४३ साली सरकारने सुती कापड व सूत यांवर नियंत्रण बसविले. ते १९४८ च्या आरंभी उठविले आणि भाव पुन्हा चढताच त्याच वर्षी परत लादले. त्या वर्षांतला फ्रॉक पाहिला तर अरुंद, आखूड व साधा दिसतो. ती फॅशन नव्हती. तो कापडाचा हिशेब होता. थोरलीचा फ्रॉक उसवून धाकटीला, त्यातून उरलेले बाळाच्या झबल्याला, आणि अखेरचा तुकडा उशीच्या अभ्र्याला, असे कापडाचे आयुष्य पुरवून पुरवून वापरले जाई.

अशा टंचाईच्या शेवटी, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओर याने आपले पहिले प्रदर्शन भरविले. बारीक कंबर, गोल खांदे व खाली पोटरीपर्यंत वारोवार कापडाचा घोळ! अमेरिकन संपादिका कार्मेल स्नो हिने त्यास ‘नवे रूप’ असे नाव दिले व तेच जगात रूढ झाले. युद्धाने कावलेल्या देशांत एवढ्या कापडाच्या उधळपट्टीवर टीकाही पुष्कळ झाली. परंतु जे रूप लोकांच्या मनात भरले ते भरलेच, आणि पुढील दहा-बारा वर्षे मासिके, चित्रपट व कागदी नमुने यांच्या वाटेने ते मुंबईच्या शिंप्यांपर्यंत व तेथून आपल्या घरांपर्यंत आले. आज मुली हौसेने घालतात तो फ्रॉक ह्याच घराण्यातला.

ह्या फ्रॉकला कापड किती लागे, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. कंबर २४ इंच धरली तर घोळाच्या वर्तुळातील कमरेचे भोक पावणेचार इंच त्रिज्येचे होते. खाली लांबी २७ इंच धरली की एकूण त्रिज्या सुमारे ३१ इंच. ३६ इंच पन्ह्याच्या पॉपलिनमध्ये असे वर्तुळ अखंड बसत नाही. म्हणून त्याचे चार पाव तुकडे एकाखाली एक बेतावे लागतात. ३१ चोक १२४ इंच, म्हणजे जवळजवळ साडेतीन वार कापड केवळ घोळास. वरचा भाग, बाह्या, गळपट्टी व कमरपट्टा यांस आणखी दीड वार धरा. एकूण पाच वार झाले! जो फ्रॉक काटकसरीचा म्हणून आला, तो कापडाच्या मापात पाचवारी साडीच्या पंक्तीस जाऊन बसला. म्हणूनच एखादी साडी मोडून तिचा फ्रॉक बेतणे, किंवा फ्रॉकचा घोळ उसवून लहान मुलींचे दोन झगे काढणे शक्य होते.

फरक होता तो दुसरीकडे. साडीला माप नसते. ती आईची लेकीस व लेकीची नातीस जशीच्या तशी होते. फ्रॉक मात्र एकाच देहाचा. त्यास उपाय म्हणून शहाणी शिवणारी बाई शिवणीत दोन बोटे कापड राखून ठेवी व खालची दुमड चांगली रुंद घेई. मुलगी वाढली की दुमड सोडली जाई. जुना फ्रॉक उलटा करून पाहिला तर जुन्या दुमडीची फिकट रेघ कापडावर दिसते. ती मुलीच्या उंचीचीच नोंद होय. घोळ फुलून राहावा म्हणून आत खळ घातलेले परकर असत, कोळशाच्या इस्त्रीने प्रत्येक चुणी बसविली जाई, आणि देवळातून आल्यावर फ्रॉक काढून, वाऱ्यावर धरून, डांबरगोळ्यांसह पुन्हा पेटीत जाई.

धर्मसभेची दृष्टी ह्याबाबतीत काय होती? १९१७ च्या धर्मविधिसंहितेने देवळात स्त्रियांनी मस्तक झाकावे असे सांगितले होते, आणि म्हणून फ्रॉकबरोबर लेसची ओढणी किंवा लहानशी टोपी ठेवलेली असे. लुगडेवालीस हा प्रश्नच नव्हता, तिचा पदर पुरे. १९८३ च्या नव्या संहितेत तो नियम राहिला नाही. ८ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी वेषकारांच्या एका आंतरराष्ट्रीय मेळाव्यापुढे भाषण केले. वस्त्राची तीन कामे त्यांनी सांगितली : आरोग्य, शालीनता व शोभा. मर्यादा सोडू नये असे त्यांनी बजावले, पण शोभेची आवड पाप म्हणून झिडकारली नाही. आपल्या आजींनी हे भाषण बहुधा ऐकले नसेल. तथापि त्यांच्या फ्रॉकचा बंद गळा, पोटरीपर्यंतची लांबी आणि गळपट्टीवरील एवढीशी लेस पाहिली की ही तीनही कामे त्यांना पुरी उमगली होती असे म्हणावे लागते. १९६४ साली मुंबईत जागतिक ख्रिस्तप्रसाद महोत्सव भरला व पोप सहावे पॉल स्वतः आले. त्या वेळची छायाचित्रे ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ती नीट पाहावी. लुगडे, साडी, फ्रॉक व लेसची ओढणी एकाच जनसमुदायात शेजारी शेजारी दिसतील.

आता जरा कटू भाग. ह्या दोन्ही पोशाखांना दोन बाजूंनी टोमणे सोसावे लागले. आपल्यातच लुगडे म्हणजे गावंढळ आणि फ्रॉक म्हणजे सुधारलेली, असा भेद शिरला. शहरात शिकणाऱ्या मुलींस लुगडेवाल्या आजीबरोबर रस्त्याने जाण्याची लाज वाटू लागली. आणि बाहेरच्यांच्या दृष्टीने फ्रॉकवाली ती परकी, फिरंगी. देश स्वतंत्र झाल्यावर हा दुसरा टोमणा अधिक लागू लागला. वस्तुतः ज्या समाजाने मुंबईस लोकमान्य टिळकांचे स्नेही काका बॅप्टिस्टा यांच्यासारखा १९२५ सालचा महापौर दिला, त्याच्या देशनिष्ठेची परीक्षा त्याच्या बायकांच्या घोळावरून करावी, हा अन्याय होता. हिंदी चित्रपटांनी तर फ्रॉकवाल्या ख्रिस्ती बाईचा एक ठसाच करून टाकला. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात नायिका ब्रागांझा घराण्यातली असून तिच्या आजीचे काम आपल्या दुर्गाबाई खोट्यांनी केले. ती व्यक्तिरेखा प्रेमळ होती. परंतु कितीतरी इतर चित्रपटांत तो पोशाख केवळ हशासाठी किंवा बदनामीसाठी वापरला गेला. परिणामी साठ-सत्तरच्या दशकांत पुष्कळ घरांत फ्रॉक पेटीत गेला व साडी बाहेर आली. आणि लुगडे तर त्याआधीच पेटीत गेले होते.

ह्याच काळात एक उलट घटनाही घडली. नोव्हेंबर १९६६ मध्ये मुंबईत जन्मलेली गोमंतकीय कुटुंबातील कन्या, रीता फारिया, लंडन येथे जगत्सुंदरी म्हणून निवडली गेली. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय व पहिली आशियाई स्त्री. त्या वेळी ती मुंबईत वैद्यकाचे शिक्षण घेत होती. लंडनला जाताना आपल्यापाशी मागून आणलेले कपडे होते असे तिने पुढे सांगितले आहे. वर्ष संपताच ती ह्या झगमगाटातून बाहेर पडली, अभ्यासाकडे वळली व डॉक्टर झाली. मागून आणलेले कपडे ज्याचे त्यास परत जातात, मिळविलेली विद्या राहते, असा तिच्या चरित्राचा बोध आपल्या मुलींनी घ्यावा.

पुढे एकविसाव्या शतकात वारा फिरला. वेषकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी गोमंतकातील विस्मृतीत चाललेली, तांबड्या चौकडीची कुणबी साडी हातमागावर पुन्हा विणवून घेतली व २०१२ साली गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मनोरी येथे ईस्ट इंडियन समाजाच्या जुन्या वस्तू व पोशाख यांचे संग्रहालय उभे राहिले. तिकडे अमेरिकेत बटरिक कंपनीने आपले जुने नमुने पुन्हा छापण्यास घेतले. त्यांत १९५२ सालचा एक फ्रॉक आहे. सकाळी न्याहारीनंतर शिवावयास घ्यावा व दुपारच्या जेवणास घालून जावे, इतका सोपा म्हणून तो गाजला होता. म्हणजे जगभर आज लोक आजीच्या पेटीकडे वळले आहेत. करंजाड्याच्या मुली त्यांच्या मागे नाहीत.

तेव्हा ह्या हौसेसंबंधी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली अशी की, अस्सल जुना फ्रॉक रंगमंचावर घालू नये. सत्तर वर्षांचे कापड काखेत, कमरेच्या शिवणीत व घड्यांच्या रेषेवर जीर्ण झालेले असते. जोराने ओढलेली एक साखळी सगळा पोशाख फाडून टाकते. जुन्याचे माप घ्यावे, कागदावर नमुना उतरवावा, आणि नव्या कापडात त्याची प्रतिकृती शिवून ती मिरवावी. मूळ पोशाख बाजूस नुसता मांडून ठेवावा. दुसरी, पोशाखाबरोबर त्याची चालही शिकावी. घोळदार फ्रॉक परकराशिवाय लोंबतो. आणि लुगडे नेसून टाचांचे बूट घालता येतात, पण लुगड्याची चाल चालता येत नाही. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक पोशाखाबरोबर एक चिठ्ठी असावी. तीवर एवढेच लिहावे : हा कोणी शिवला, कोणी विणला, कोणत्या प्रसंगी घातला, कापड कोठून आणले. गोमंतकीय घरातून लग्नाचा तांबडा ‘साडो’ निघाला तर तो कापण्यास शिंपी घरी आला होता व त्या दिवशी घरात सोहळा झाला होता, हे विचारून लिहून ठेवावे. ज्यांना हे सांगता येते त्या बायका आज ऐंशी-नव्वदीच्या आहेत. पोशाख डांबरगोळ्यांत टिकेल. त्यांच्या आठवणीस मात्र डांबरगोळ्या नाहीत.

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या टबीथा हिची कथा आहे. ती आपण सर्वांनी देवळात ऐकलेली आहे, पण तिच्यातील एक बारीक गोष्ट नजरेतून सुटते. टबीथा मरण पावली व पेत्र आला, तेव्हा गावच्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि टबीथाने हयातीत शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. धर्मसभेच्या इतिहासातील वस्त्रांचे हे पहिले प्रदर्शन म्हणावयास हरकत नाही. तेथे कोणी स्वतःचे रूप दाखवीत नव्हते. शिवणाऱ्या हातांची आठवण दाखवीत होते. विधवांच्या अंगावर वस्त्र होते आणि तोंडी शिवणारीचे नाव होते.

ज्युबिलीच्या रंगमंचावर येणाऱ्या आपल्या मुलींनी एवढेच करावे. लुगडे नेसा, फ्रॉक घाला, पानो-बाजू मिरवा. कोणताही पोशाख गावंढळ नाही व कोणताही परका नाही. ज्या बाईने कंट्रोलच्या दिवसांत कापड पुरवून वापरले, कंदिलाच्या उजेडात दुमड घातली, आणि दोन्ही बाजूंचे टोमणे ऐकूनही रविवारी मान ताठ ठेवून मिस्सेला आली, तिचे नाव ध्वनिक्षेपकावरून घेतले जावे. मग टाळ्या पडतील त्या तिच्या होतील.

असो. सदनिका बदलण्याचे योग येतच राहतील. पुढल्या खेपेस ट्रंक टाकण्यापूर्वी ती एकदा उघडावी, आणि आजीला जवळ बसवून घ्यावे, एवढीच ह्या ज्युबिलीच्या निमित्ताने सर्व धर्मबंधूंस व भगिनींस विनंती आहे.